ग्राहकसेवा की रेंज? अडचणीतल्या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइल कंपनी आर्थिक ओढाताणीत सापडली की तक्रारी दोन बाजूंनी येतात. एकीकडे फोन लागत नाही, दुसरीकडे कस्टमर केअरला लागलेला फोन कोणी उचलत नाही. ग्राहकाला दोन्हींचा त्रास एकच वाटतो, पण कंपनीत हे दोन वेगळे विभाग असतात आणि त्यांचे उपायही वेगळे. खालची उत्तरं ग्राहकांसाठी आहेत. कंपनीच्या आत काम करणाऱ्यांनाही त्यांतली बरीचशी उपयोगी पडतील.

कस्टमर केअरवाले फार नम्रपणे बोलतात, पण घरात रेंज येत नाही ती नाहीच. त्यांच्याशी बोलून काही उपयोग होतो का?

रेंज वाढवण्याची सोय कस्टमर केअरच्या हातात नसते. समोरच्या माणसाच्या स्क्रीनवर तुमचं खातं, प्लॅन, सिमची स्थिती आणि तुमच्या भागात एखादा टॉवर बंद असल्यास त्याची नोंद, एवढंच दिसतं. अँटेना किती अंश खाली झुकवायची किंवा नवा टॉवर कुठे उभा करायचा, हे रेडिओ विभाग ठरवतो, आणि त्या विभागाला ग्राहकांचे फोन थेट जात नाहीत.

तरीही तक्रार नोंदवाच. टॉवर बंद पडला, केबलमध्ये पाणी शिरलं, वीज गेली, तर नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात लगेच अलार्म वाजतो. पण तुमच्या घरात सिग्नल पोचतच नसेल तर कुठलाही अलार्म वाजत नाही. यंत्रणेच्या लेखी तो टॉवर ठणठणीत असतो. जिथे सिग्नल नाही तिथून मोजमापही येत नाही, म्हणून अशी पोकळी कंपनीला कळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग ग्राहकाची तक्रार हाच असतो. कधी कधी सेक्टर, म्हणजे टॉवरचा एका दिशेला सिग्नल देणारा भाग, चालू दिसतो पण त्यावरून कॉलच जात नाहीत. तोही अलार्मवरून सापडत नाही, बऱ्याचदा तक्रारींवरूनच सापडतो.

माझा त्रास रेंजचा आहे, गर्दीचा आहे की सिमचा किंवा खात्याचा, हे कसं ओळखायचं?

फोन करण्याआधी दहा मिनिटं काढून एवढं तपासा.

आधी जागा बदला. घरात, गच्चीवर आणि दोनतीनशे मीटर लांब, अशा तीन ठिकाणी तोच कॉल लावा. सगळीकडे सारखाच त्रास असेल तर दोष सिममध्ये, फोनमध्ये किंवा खात्यात असण्याची शक्यता जास्त. जागेप्रमाणे फरक पडत असेल तर प्रश्न रेंजचा.

मग वेळ बदला. पहाटे इंटरनेट सुसाट आणि रात्री आठ ते अकरा ठप्प, तर रेंज पुरेशी आहे, टॉवरची क्षमता कमी पडते आहे. दिवसभर सारखंच रडगाणं असेल तर गर्दी हे कारण नाही.

त्यानंतर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा, आणि त्याच कंपनीचं दुसरं सिम तुमच्या फोनमध्ये. त्रास सिमबरोबर सरकला तर सिम किंवा खातं, फोनबरोबर राहिला तर फोन. ई-सिम असेल तर शेजारच्याचा त्याच कंपनीचा फोन तुमच्या जागी धरून बघितलात तरी चालेल.

शेवटी स्क्रीनवरचे शब्द वाचा. ‘सेवा नाही’ आणि ‘फक्त आपत्कालीन कॉल’ यांत फरक आहे. दुसरा संदेश येतो तेव्हा फोनला कुठल्यातरी कंपनीचा सिग्नल मिळत असतो, पण नेहमीची सेवा मिळत नसते. बहुतेक वेळा तिथे दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचतो आणि तुमच्या कंपनीचा पोचत नाही. पण घराबाहेर मोकळ्या मैदानातही तोच संदेश येत असेल तर सिमची नोंदणी अडली आहे, आणि हे काम मात्र कस्टमर केअर त्याच कॉलमध्ये करू शकतं.

फोनवरच्या काड्यांवर विश्वास ठेवावा का?

नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या याचं समान माप नाही. प्रत्येक फोन कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन फोनवर एकाच वेळी दोन आणि चार काड्या दिसू शकतात. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या शक्तीच्या मापात असतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन सिमच्या स्थितीखाली ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ बघा. काही मॉडेलमध्ये ही नोंद एखादी पायरी आत असते. आयफोनवर डायल पॅडमधून *३००१#१२३४५#* लावलं की चाचणीचा पडदा उघडतो.

फोरजी आणि फाइव्हजीसाठी आकडे असे वाचा. उणे ८० किंवा त्याहून बरा आकडा म्हणजे उत्तम. उणे ९० ते १०० पर्यंत रोजचं काम बिनघोर चालतं. उणे १०० ते ११० मध्ये दाराबाहेर ठीक, आतल्या खोलीत अडखळत. उणे ११५ च्या खाली कॉल तुटायला लागतात आणि १२० च्या आसपास फोन नेटवर्क सोडून देतो. हे माप सरळ चढत नाही. ३ डीबीने आकडा घसरला म्हणजे शक्ती निम्मी झाली, १० डीबीने घसरला म्हणजे दहावा हिस्सा उरला. म्हणून उणे १०० आणि उणे ११० हे आकडे शेजारी वाटले तरी त्यांत दसपटीचा फरक आहे.

चाचणीच्या पडद्यावर दुसरा एक आकडाही दिसतो, सिग्नल आणि गोंगाट यांच्या प्रमाणाचा. तो २० च्या वर असेल तर चित्र स्वच्छ, शून्याखाली असेल तर सिग्नल जोरात असूनही आजूबाजूच्या टॉवरचा कलकलाट त्याला बुडवतो आहे. दाट वस्तीत नवे टॉवर घाईघाईने उभे केले आणि अँटेनांचा झुकाव जुळवला नाही की हेच होतं.

रेंज पूर्ण आहे, तरी इंटरनेट चालत नाही. हे कसं?

टॉवरचा एक सेक्टर म्हणजे त्या दिशेच्या सगळ्या फोनमध्ये वाटून घेतलेला एकच नळ. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या फोरजी पट्ट्यावर दोन अँटेनांच्या साध्या मांडणीत कमाल वेग सेकंदाला सुमारे १५० मेगाबिट, ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर तोच सुमारे ३७. हा वेग एका फोनला आदर्श स्थितीत मिळणारा. प्रत्यक्षात दूरचे आणि भिंतीआडचे फोन जास्त वेळ खातात, त्यामुळे सगळ्यांच्या वाट्याला येणारा एकूण वेग याहून बराच कमी असतो.

पैशांची चणचण असलेली कंपनी आधी टॉवर उभा करते आणि त्याच्यामागची लाइन तशीच जुनी ठेवते. टॉवरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत जाणारा तो दुवा तांब्याचा किंवा जुना मायक्रोवेव्ह असेल तर हवेतला सिग्नल कितीही चांगला असो, अडतं तिथेच. अमेरिकेत थ्रीजीच्या काळात असंख्य टॉवर टी-वन नावाच्या तांब्याच्या लाइनवर होते. अशा एका लाइनची क्षमता सेकंदाला जेमतेम १.५ मेगाबिट. कव्हरेज नकाशावर असा टॉवर इतरांइतकाच रंगीत दिसतो.

दुसऱ्याचा आवाज मला नीट येतो, पण माझा त्याला तुटक जातो. दोष कुणाचा?

बहुतेक वेळा कुणाच्याच उपकरणाचा नाही. टॉवर एका सेक्टरमधून २० ते ४० वॉटने बोलतो, तुमचा फोन ०.२ वॉटने. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो, तुमचा तिकडे जाता जाता विरतो. अशा जागी फोन पूर्ण जोर लावून बोलत राहतो, म्हणून बॅटरीही भराभर उतरते आणि फोन गरम होतो. तक्रार करताना ‘जाणारा आवाज तुटतो’ असं नेमकं सांगा. रेडिओ इंजिनीअरला या तीन शब्दांतून बरंच कळतं.

कव्हरेज नकाशात माझं घर गडद रंगात आहे. मग कंपनी खोटं बोलते का?

नकाशा मोजून काढलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो. टॉवरची उंची, फ्रिक्वेन्सी, जमिनीचा चढउतार आणि इमारतींचा ढोबळ अंदाज संगणकात घालून सिग्नल कुठवर जाईल ते काढतात. तो अंदाज बहुधा घराबाहेरचा असतो. काँक्रीटची भिंत १० ते २० डीबी खाते. उष्णता अडवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेली काच २० ते ३० डीबी सहज खाते, म्हणून चकचकीत काचेच्या नव्या इमारतीत जुन्या विटांच्या घरापेक्षा रेंज वाईट मिळते. बाहेर उणे ९० असलेला आकडा अशा काचेमागे उणे ११५ होतो, आणि नकाशा मात्र तसाच गडद राहतो.

फ्रिक्वेन्सीनेही मोठा फरक पडतो. २५०० मेगाहर्ट्झचा सिग्नल ८०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत मोकळ्या हवेतच सुमारे १० डीबीने कमी भरतो, भिंतींची वजाबाकी वेगळीच. सेक्टरचा पल्ला निम्मा झाला की तेवढाच प्रदेश झाकायला चौपट टॉवर लागतात. ज्या कंपनीकडे खालच्या फ्रिक्वेन्सी नाहीत तिला त्याच रेंजसाठी कितीतरी जास्त खर्च करावा लागतो. कंपनीबद्दल काही मत बनवण्याआधी तिच्याकडे कुठले बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, आहेत ते शोधून काढा.

तरीही कंपनीची जबाबदारी सुटत नाही. तक्रारींचा ढीग पडूनही नकाशा न बदलणं आणि त्या भागात नवी सिमं विकत राहणं ही शुद्ध फसवणूक आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तक्रार कशी लिहावी म्हणजे ती इंजिनीअरपर्यंत पोचेल?

‘नेटवर्क नाही, फार त्रास होतो’ अशी तक्रार पहिल्याच पायरीवर ‘फोन बंद करून चालू करण्यास सांगितले’ या शेऱ्यासह बंद होते. पहिल्या पायरीवरचा माणूस तक्रार वर पाठवू शकतो, पण त्यासाठी त्याच्या फॉर्ममधल्या ठरावीक चौकटी भराव्या लागतात. त्यांत लागणारी माहिती तुम्हीच एका दमात द्या. उदाहरणार्थ:

‘पत्ता अमुक, दुसरा मजला, मागच्या बाजूची खोली. रोज संध्याकाळी ७ ते १० कॉल दोनतीन मिनिटांत तुटतो. खोलीत सिग्नल उणे ११४, गच्चीवर उणे ९६. फोरजीवर आहे. दुसऱ्या फोनमध्येही हेच होतं. त्याच इमारतीतल्या याच कंपनीच्या आणखी दोन ग्राहकांनाही हाच त्रास आहे. मागच्या पंधरवड्यापर्यंत ठीक होतं.’

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. आधी ठीक होतं आणि नंतर बिघडलं, म्हणजे काहीतरी मोडलं आहे किंवा बदललं आहे: अँटेना वाऱ्याने फिरली, झुकाव बदलला, सेक्टर बंद पडला. असा दोष दुरुस्त करता येतो. पहिल्यापासून रेंज नव्हतीच तर तिथे टॉवरच पोचत नाही, आणि तो प्रश्न बजेटचा आहे. चाचणीच्या पडद्यावर सेल आयडी, म्हणजे सेक्टरचा ओळख क्रमांक, दिसत असेल तर तोही द्या. त्यावरून नेमका सेक्टर सापडतो आणि शोधाशोध वाचते.

तक्रार क्रमांक घ्या, त्याची तारीख लिहून ठेवा. शेजाऱ्यांना एकाच तक्रारीत सह्या करायला न लावता प्रत्येकाला स्वतंत्र नोंद करायला सांगा. यंत्रणा तक्रारी ठिकाणानुसार मोजते, आणि एका नोंदीत पंधरा नावं असली तरी ती एकच धरली जाते.

दर वेळी ‘फोन बंद करून चालू करा’ का सांगतात? टाळाटाळ आहे का?

प्रत्येक वेळी नाही. फोन बंद-चालू केला किंवा विमान मोड लावून काढला की तो नेटवर्कवर नव्याने नोंदणी करतो आणि टॉवर नव्याने निवडतो. लांबच्या टॉवरला किंवा जुन्या तंत्रज्ञानावर अडकून बसलेला फोन यातून सुटतो. मात्र हाच उपाय आठवड्यात तिसऱ्यांदा सांगितला जात असेल तर तक्रार वरच्या पायरीवर न्यायला सांगा, आणि याआधी कुठल्या तारखांना करून पाहिलं ते सांगा.

कस्टमर केअरला इतका वेळ का थांबावं लागतं? दोन-चार माणसं वाढवली तर चालणार नाही का?

इथला हिशेब बऱ्याच व्यवस्थापकांनाही नीट माहीत नसतो. समजा अर्ध्या तासात १०० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल ६ मिनिटं चालतो. म्हणजे ६०० मिनिटांचं काम, ३० मिनिटांत, वीस माणसांचं. पण वीसच माणसं बसवली तर रांग वाढतच जाते, कारण कॉल एकसारख्या अंतराने येत नाहीत. १०० पैकी ८० कॉल २० सेकंदांच्या आत उचलायचे असतील तर साधारण २५ माणसं लागतात.

आता नेटवर्क बिघडलं. प्रत्येक ग्राहक चिडलेला, एकेक कॉल ६ ऐवजी ८ मिनिटं चालतो. कॉलची संख्या वाढली नाही असं धरलं तरी निव्वळ बोलण्यातच जवळपास २७ माणसं गुंततात. कालपर्यंत पुरेशी असलेली २५ जणांची पाळी आज मागे पडत जाते. वर ज्यांचं काम झालं नाही ते पुन्हा फोन करतात. म्हणजे कॉल सेंटरची रांग बऱ्याचदा टॉवरवर जन्मलेली असते. माणसं वाढवून ती थोडे दिवस आवरते, तक्रारीचं मूळ काढलं तरच संपते.

म्हणूनच एजंटला ‘कॉल चार मिनिटांत संपवा’ असा दट्ट्या लावणं घातक. सरासरी वेळ कागदावर उतरते आणि त्याच ग्राहकाचे तीन कॉल येतात. पहिल्याच कॉलमध्ये किती कामं मार्गी लागली, हा आकडा बघायला हवा.

कॉल संपल्यावर गुण मागतात. राग नेटवर्कचा असेल तर कमी गुण द्यावेत का?

ते गुण बहुतेक ठिकाणी त्या एजंटच्या खात्यात जातात, टॉवरच्या नाही. माणसाने नीट ऐकून घेतलं असेल तर त्याला पूर्ण गुण द्या आणि नेटवर्कची तक्रार खालच्या मोकळ्या चौकटीत शब्दांत लिहा.

‘टॉवरचं काम सुरू आहे’ असं सहा महिने ऐकतो आहे. खरंच किती वेळ लागतो?

काम कुठलं त्यावर. अँटेनाचा विद्युत झुकाव लांबूनच बदलता येतो, त्याला काही मिनिटं आणि आधीच्या अभ्यासाला काही दिवस. हाताने फिरवायची अँटेना असेल तर टॉवरवर चढणारी माणसं, परवानगी आणि कोरडं हवामान लागतं. असलेल्या टॉवरवर नवा बँड चढवायला काही आठवड्यांपासून काही महिने. नव्या टॉवरला मात्र जागा शोधणं, जागामालकाशी करार, परवानग्या, पाया, विजेची जोडणी, मागची लाइन, मग चालू करून गाडीतून फिरत मोजमाप, असं सगळं धरून एक ते दोन वर्षं सहज जातात. लोखंड उभं राहिलं आणि वीज किंवा लाइन मिळाली नाही म्हणून महिनोन्‌महिने पडून राहिलेले टॉवर सगळीकडे सापडतात.

कस्टमर केअरला ‘कधी होईल’ असं न विचारता ‘सध्या कुठल्या टप्प्यावर आहे’ असं विचारा. टप्पा सांगता आला तर काम खरं आहे. ‘लवकरच’ एवढंच उत्तर मिळालं तर ते काम त्या वर्षाच्या बजेटमध्ये नाही असं धरून चला.

कंपनी अडचणीत आली की सेवा आणि नेटवर्क दोन्ही एकदम का ढासळतात?

कारण दोन्हींचा पैसा एकाच ग्राहकाकडून येतो. महिन्याला २ टक्के ग्राहक सोडून जातात म्हणजे वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के. तोच आकडा ३ टक्के झाला की वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त. १ टक्क्याची ही वाढ ऐकायला किरकोळ वाटते, पण ग्राहक सरासरी ५० महिने टिकत होता तो ३३ महिन्यांवर येतो. त्याला मिळवण्यासाठी दिलेली सवलत आणि दुकानदाराचं कमिशन वसूल व्हायला कमी महिने उरतात.

टॉवरचा खर्च मात्र ग्राहक घटले म्हणून घटत नाही. भाडं, वीज, लाइन, देखभाल तेवढीच. मग काटछाट जिथे पटकन जमते तिथे होते: कॉल सेंटरचं कंत्राट स्वस्त कंपनीला, टॉवरच्या बॅटऱ्या बदलणं पुढच्या वर्षावर, नवं बांधकाम स्थगित. बॅटऱ्या जुन्या झाल्या की वीज जाताच टॉवर बंद पडतो, तक्रारी वाढतात, कॉल सेंटरमध्ये नवखी माणसं असतात, आणखी ग्राहक जातात.

मग पैसे कमी असताना आधी कशावर खर्च करावा?

आधी बिलं दुरुस्त करा. चुकीचं बिल, न मागितलेली सेवा, गोंधळाचे प्लॅन यांतून येणारे कॉल थांबवायला टॉवर लागत नाही, काही महिन्यांचं शिस्तीचं काम लागतं. त्यातून कॉल सेंटरचा खर्च उतरतो आणि तो पैसा नेटवर्ककडे वळवता येतो. त्यानंतरचा पैसा सगळीकडे थोडाथोडा न शिंपडता, जिथे ग्राहक आहेत आणि सोडून चालले आहेत तिथल्या मोजक्या भागांत पूर्ण ओता. अर्धवट झाकलेल्या दहा गावांपेक्षा नीट झाकलेली चार गावं जास्त ग्राहक टिकवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तक्रारींचे ठिकाणानुसार नकाशे दर आठवड्याला रेडिओ विभागाच्या टेबलावर जायला हवेत. याला जवळपास काहीच खर्च नाही, तरी अनेक ठिकाणी हे होत नाही, कारण दोन विभागांचे प्रमुख वेगळे आणि दोघांची उद्दिष्टंही वेगळी.

नुसत्या ग्राहकसेवेच्या जोरावर कुठली कंपनी सावरली आहे का?

अमेरिकेतल्या स्प्रिंटचं उदाहरण या प्रश्नावर सर्वांत बोलकं आहे. २००५ मध्ये तिने नेक्स्टेल विकत घेतली. दोघांची तंत्रज्ञानं वेगळी, एकाचं सीडीएमए, दुसऱ्याचं आयडेन, म्हणजे दोन नेटवर्कं पोसायची. सेवेची अवस्था इतकी बिघडली की २००७ मध्ये कंपनीने, तुम्ही कस्टमर केअरला फार फोन करता असं सांगून, सुमारे हजार ग्राहकांची खाती बंद केली. त्याच वर्षाच्या शेवटी डॅन हेसे प्रमुख झाले. प्लॅन सोपे केले, कॉल येण्याची कारणं शोधून काढली, कॉल इतके घटले की कॉल सेंटरं बंद करता आली. अमेरिकन ग्राहक समाधान निर्देशांकात २००८ मध्ये ५६ वर असलेली स्प्रिंट २०११ मध्ये ७२ वर पोचली.

नेटवर्क मात्र मागे राहिलं. फोरजीसाठी आधी वायमॅक्स या तंत्रज्ञानाची वाट धरली, जगाने एलटीई हे दुसरं तंत्रज्ञान निवडलं. २०१२ च्या मध्यात स्प्रिंटने एलटीई सुरू केलं तेव्हा दोन्ही दिशांना ५-५ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा होता. त्याच सुमारास सगळ्या टॉवरवरची यंत्रं बदलण्याचा मोठा कार्यक्रम सुरू होता, आणि काम चालू असलेल्या भागांत कॉल तुटू लागले. २०१४ मध्ये निर्देशांक ६८ वर घसरला. कॉल उचलणारी माणसं वाईट झाली म्हणून तो घसरला नाही. १ एप्रिल २०२० रोजी स्प्रिंट टी-मोबाइलमध्ये विलीन झाली.

त्या टी-मोबाइलचा रस्ताही बघा. २०११ मध्ये एटी अँड टी ही कंपनी तिला विकत घेणार होती, तो सौदा फिसकटला तेव्हा तिला भरपाई म्हणून ३ अब्ज डॉलर रोख आणि काही स्पेक्ट्रम, म्हणजे फ्रिक्वेन्सी वापरण्याचे हक्क, मिळाले. २०१३ पासून तिने वार्षिक करार रद्द केले, ग्राहकांना डाचणारे नियम काढले. जाहिरात त्याचीच झाली. पण त्याच्या जोडीने २०१४ मध्ये ७०० मेगाहर्ट्झ आणि २०१७ च्या लिलावात सुमारे ८ अब्ज डॉलरचं ६०० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम घेतलं, म्हणजे भिंतीतून आत शिरणारा आणि गावाबाहेर पोचणारा सिग्नल. चांगली वागणूक लोकांना दारात घेऊन आली, खालच्या फ्रिक्वेन्सीने त्यांना घरात टिकवलं.

रेंज येईपर्यंत घरात काय करता येईल?

वाय-फाय कॉलिंग. सेटिंगमध्ये सिमच्या किंवा कॉलच्या भागात ते चालू करा. कंपनी आणि फोनचं मॉडेल दोघांचा पाठिंबा लागतो. कॉल घरच्या इंटरनेटवरून जातो, एका कॉलला सेकंदाला १०० किलोबिटच्या आसपास पुरतात, पण राउटरवर दुसरं कोणी मोठी फाइल चढवत असेल तर आवाज तुटतो. चालता चालता घराबाहेर पडलात आणि बाहेर फोरजी-कॉलिंग, म्हणजे फोरजीवरूनच आवाजाचा कॉल जाण्याची सोय, नसेल तर कॉल तुटेल, तो दोष फोनचा नाही. रेंज काठावरची असेल तर फोन वाय-फाय सोडून अशक्त टॉवरला चिकटतो. तेव्हा विमान मोड लावून वाय-फाय तेवढं चालू ठेवा.

बाजारातले स्वस्त सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका. बऱ्याच देशांत परवानगीशिवाय ते लावणं बेकायदा आहे, आणि कारण रास्त आहे. आत-बाहेरच्या अँटेना जवळ आल्या की बूस्टर स्वतःचाच आवाज पुन्हा वाढवत सुटतो, आणि त्या गोंगाटाने सगळ्या सेक्टरचे कॉल बिघडतात. कंपनीकडून छोटा घरगुती सेल, म्हणजे घरात ठेवायचा चिमुकला टॉवर, मिळत असेल तर तो घ्या, तो तुमच्या इंटरनेटवर चालतो.

रेंज आहे, इंटरनेट चालतं, पण कॉलच लागत नाही.

बहुधा फोरजी-कॉलिंग बंद आहे किंवा तुमचं मॉडेल त्या कंपनीच्या यादीत नाही. असा फोन कॉलसाठी टूजी-थ्रीजीवर उतरतो, आणि कंपनीने ते जुनं नेटवर्क बंद केलं असेल तर उतरायला जागाच नसते. सेटिंग तपासा, सॉफ्टवेअर अद्ययावत करा, मग कस्टमर केअरला खात्यावर ती सेवा सुरू आहे का ते विचारा. हे त्यांच्या हातातलं काम आहे.

सेवा मिळाली नाही त्या दिवसांचे पैसे परत मागावेत का?

मागा. तक्रार क्रमांक आणि तारखा हाताशी असतील तर बहुतेक कंपन्या काही ना काही वजावट देतात. पण वजावट घेताना ‘तक्रार बंद केली’ अशी नोंद होत नाही ना, हे विचारून घ्या. तशी झाली तर रेडिओ विभागाच्या यादीतून तुमचं ठिकाण निघून जातं.

कंपनी बदलावी का?

दुसरी कंपनी तुमच्या घरात पोचते हे पाहिल्याशिवाय नाही. तिचं सर्वांत स्वस्त सिम किंवा चाचणीचं ई-सिम घ्या आणि किमान एक आठवडा वापरा: घरातली सर्वांत वाईट खोली, कामाची जागा, रोजचा रस्ता, आणि संध्याकाळच्या गर्दीची वेळ. डीबीएमचे आकडे दोन्ही सिमचे शेजारी शेजारी लिहा. आधी दोन्ही कंपन्या तुमच्या भागात एकमेकींचे टॉवर वापरत नाहीत ना ते बघा. वापरत असतील तर बदलून हाती फारसं लागणार नाही. नंबर पोर्ट करताना जुनं सिम स्वतःहून बंद करू नका, खातं बंद झालं की नंबर जातो. पोर्ट पूर्ण झालं की जुनं आपोआप बंद होतं.

त्रास फक्त बिलाचा आणि उद्धट उत्तरांचा असेल, रेंज मात्र उत्तम असेल, तर एकदा लेखी तक्रार वरपर्यंत नेऊन बघा. तो दोष काही आठवड्यांत सुटू शकतो. रेंज पहिल्यापासून नसेल आणि कंपनीला टप्पा सांगता येत नसेल, तर थांबू नका.

कंपनी दुसरीत विलीन होणार असं ऐकतो. माझ्या रेंजचं काय होईल?

दोन नेटवर्कं एकत्र होताना एकाच परिसरात शेजारी असलेल्या टॉवरपैकी काही बंद केले जातात. एकूण रेंज सुधारली तरी तुमच्या घराजवळचाच टॉवर गेला तर तुमची बिघडू शकते. जुनं तंत्रज्ञानही बंद होतं. स्प्रिंटचं सीडीएमए २०२२ मध्ये बंद झालं आणि त्यावरच चालणारे फोन निरुपयोगी झाले. विलीनीकरणाची बातमी आली की तीन गोष्टी करा: आपला फोन नव्या कंपनीच्या बँडवर आणि तिच्या फोरजी-कॉलिंगवर चालतो का ते मॉडेल क्रमांकावरून तपासा, नवीन सिम फुकट मिळत असेल तर मुदतीच्या शेवटच्या आठवड्याआधी घ्या, आणि आजचे डीबीएमचे आकडे लिहून ठेवा. टॉवर बंद झाल्यानंतर तक्रार करताना ‘आधी उणे ९५ होता, आता उणे ११२ आहे’ असं सांगता आलं, तर एकत्रीकरण चालू असतानाच तो निर्णय फेरतपासणीला जाण्याची शक्यता असते. यंत्रं उतरवून नेली की ती संधी जाते.